आत्यांना उचलायचं नाही

सिस्टर, नमस्कार.

माझ्या सासूबाईंना (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) श्रावणात अर्धांगाचा झटका आला. वय ७२, वजन ६८ किलो. उजवा हात-पाय लुळा आहे, बोलणं तुटक. वीस दिवस दवाखान्यात होत्या, आता घरी आणलंय. घरी सोडताना कागदावर ‘दर २ तासांनी पोझिशन बदलणे’ एवढंच लिहिलं होतं, कसं बदलायचं ते कुणी दाखवलं नाही. माझं वजन ५१. आत्या कॉटवर सारख्या खाली घसरतात, मी मागून काखेत हात घालून त्यांना वर ओढते. उजव्या कुशीवर वळवायला गेलं की इतक्या ओरडतात की शेजारचे विचारायला येतात. गेल्या मंगळवारी कमोडच्या खुर्चीवर घेताना त्यांनी माझ्या गळ्याला मिठी मारली आणि आम्ही दोघी खाली आलो. लागलं नाही, पण तेव्हापासून माझी कंबर धरली आहे. त्यांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसतोय. नणंदबाईंनी हवेची रिंग आणून दिली, ती लावते. मिस्टर पुण्याला असतात, शनिवार-रविवार येतात. दीर शेजारीच राहतात, पण ‘हे बायकांचं काम’ म्हणून येत नाहीत. रात्री दोन-दोन तासांनी गजर लावून उठते, दिवसा उभ्या उभ्या डोळे मिटतात. माझं कुठे चुकतंय?

– एक सून, तासगाव

ताई,

आत्यांचं ओरडणं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले. अर्धांगात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात. दंडाचं हाड खोबणीत धरून ठेवायचं काम त्यांचंच असतं. ते सुटलं की लुळ्या हाताचं सगळं वजन सांध्यावर लोंबतं आणि हाड थोडं थोडं खाली उतरतं. अशा खांद्याला काखेतून हिसका बसला की काय होत असेल, बघा. त्यात उजवीकडे वळवलं की तोच खांदा अंगाखाली दाबला जातो. ‘माझा खांदा दुखतोय’ हे शब्द त्यांना जुळवता येत नाहीत, म्हणून त्या ओरडतात. हट्ट नाही तो, आणि तुमच्यावरचा रागही नाही.

तेव्हा काखेत हात घालून ओढणं आजपासून बंद. लुळा हात धरून ओढणंही बंद, कपडे बदलताना सुद्धा. गाऊन घालताना आधी लुळा हात घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. फिजिओथेरपिस्टला याच आठवड्यात घरी बोलवा आणि खांदा दाखवा. तोवर उजव्या कुशीवर कमी वेळ ठेवा, आणि वळवायच्या आधी तो हात अंगापासून पुढे काढून घ्या. कसा? हाताला न ओढता. तुमचा तळवा त्यांच्या पाठीमागून खांद्याच्या पात्याखाली सरकवायचा आणि पातंच अलगद पुढे आणायचं. मग त्या खांद्याच्या टोकावर न झोपता पात्याच्या सपाट भागावर टेकतात. फरक तुम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरच दिसेल.

आता तुमच्या कंबरेचं. अमेरिकेतल्या थॉमस वॉटर्स या संशोधकाने २००७ साली खास नर्सेससाठी एक मर्यादा सांगितली. सगळं अनुकूल असताना सुद्धा एकट्या माणसाने पेशंटचा ३५ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण १६ किलोंपेक्षा जास्त भार हाताने पेलू नये. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका असतो. म्हणजे आत्यांचा नुसता एक पाय ११ किलोंच्या आसपास. दोन पाय एकदम उचलले की तुमची मर्यादा ओलांडली. आणि तुम्ही अख्ख्या आत्यांना काखेतून ओढता आहात, तेही वाकून, कॉटच्या डोक्याकडून. कंबर धरली नसती तरच नवल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या दहाव्या वर्षी, रात्रपाळीत, मेडिकल वॉर्डात एका जाड आजोबांना मी आणि वॉर्डबॉयने ‘एक, दोन, तीन’ म्हणून वर घेतलं. मी ‘तीन’ म्हणताना उचललं, त्याने ‘तीन’ म्हणून झाल्यावर. त्या अर्ध्या क्षणात सगळा भार माझ्या एकटीवर आला आणि कंबरेतून पायापर्यंत वीज गेली. सहा आठवडे घरी पडून होते. तेव्हापासून कुणाबरोबरही हात लावायच्या आधी मी विचारते, ‘तीनला, की तीननंतर?’ लोक हसतात. हसू देत. तुमच्या पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल, लघवीवरचा ताबा गेल्यासारखा वाटत असेल, तर मात्र पत्राच्या उत्तराची वाट बघू नका, तडक डॉक्टरकडे जा.

वॉर्डात आम्ही नव्या मुलींना सांगायचो, पेशंट उचलायचा नाही, वळवायचा किंवा सरकवायचा. आणि त्याच्याही आधी, त्याला स्वतःला जेवढं जमतं तेवढं करू द्यायचं. आत्यांचा डावा पाय चांगला आहे हे विसरू नका. तो तुमच्यापेक्षा ताकदीचा असेल.

वर सरकवायचं ते असं. डोक्याखालच्या सगळ्या उशा काढा, कॉट सपाट करा, एक उशी उभी करून डोक्याकडच्या लाकडाला लावून ठेवा म्हणजे डोकं आपटणार नाही. आत्यांचा डावा गुडघा दुमडा, पाऊल गादीवर सपाट टेकू द्या. उजवा गुडघा तुम्ही दुमडून धरा. हनुवटी छातीकडे. मग सांगा, ‘आत्या, पाय रोवा, कंबर उचला.’ कंबर चार बोटं जरी वर आली तरी त्याच क्षणी अंगाखालची चादर धरून त्यांना वर सरकवायचं. फिजिओवाले यालाच पुलाचा व्यायाम म्हणतात, म्हणजे व्यायामही झाला. रोज तेच शब्द वापरा. बोलणं गेलेल्या माणसाला लांब वाक्य कळायला जड जातं, पण रोजचे तेच मोजके शब्द आणि मांडीवरची तीच थाप बरोबर कळते.

अंगाखालची चादर म्हणजे आमची ड्रॉशीट. विकत आणू नका. जुनी सुती नऊवारी चौपदरी करा, खांद्यापासून अर्ध्या मांडीपर्यंत पुरेल इतकी, आणि ती कायम आत्यांच्या खाली राहू द्या. सुरकुती पडू द्यायची नाही. एवढ्याने सरकत नसेल तर आणखी एक युक्ती. घरात एखादी गुळगुळीत सिंथेटिक साडी असेलच, लग्नात आहेर आलेली आणि कधी न नेसलेली. तिची दुहेरी घडी ड्रॉशीटच्या खाली घाला. घडीचा वरचा थर खालच्या थरावरून घसरतो आणि आत्यांची कातडी गादीवर घासत नाही. काम झालं की ती लगेच काढून घ्या, नाहीतर त्याच घसरगुंडीवरून आत्या पुन्हा खाली येतील.

पण मुळात त्या घसरतात का? कारण तुम्ही पाठीमागे उशा रचून त्यांना अर्धवट बसतं ठेवत असाल. पाठ उशीला चिकटून राहते, हाडं आतल्या आत खाली सरकतात आणि माकडहाडावरची कातडी मधल्या मध्ये पिळली जाते. तुमचा तो लाल डाग नुसता दाबामुळे आलेला नसावा, या पिळवटण्याचाही त्यात हात असेल. जेवणाव्यतिरिक्त डोक्याकडची बाजू ३० अंशांच्या वर नेऊ नका. मांड्यांखाली एक रजई गुंडाळून ठेवा, पुढे घसरायला आडकाठी होते. जेवताना मात्र पूर्ण ताठ बसवायचं, शक्यतो खुर्चीतच, आणि जेवणानंतर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. अर्धांगात घास श्वासनलिकेत जायची भीती असते.

आता डाग. बोटाने दाबून बघा. दाबल्यावर फिकट पडून पुन्हा लाल झाला तर रक्त अजून खेळतंय. दाबूनही तसाच राहिला तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी समजा. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, तिथे काळपट-जांभळट छटा, शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा टणक लागणं, यावर लक्ष ठेवायचं. त्या डागावर झोपवायचं नाही आणि तो चोळायचा तर मुळीच नाही. आमच्या ट्रेनिंगमध्ये बॅक केअर म्हणजे स्पिरिटने पाठ रगडून वर टाल्कम पावडर. किती पाठी मी रगडल्या असतील! आज कळतं की आधीच दाबाने नाजूक झालेल्या कातडीखालच्या रक्तवाहिन्या त्याने आणखी दुखावतात, आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते. टाच उचलून धरायला रबरी हातमोज्यात पाणी भरून ते खाली ठेवायचो, तेही आता चुकीचं ठरलंय.

तुमच्या नणंदबाईंची रिंग त्याच जातीची. मधल्या भोकात डाग सुटा राहतो हे खरं, पण सगळा भार भोवतीच्या गोलावर येतो आणि तिथली कातडी रक्तावाचून राहते. आज काढा. त्याऐवजी आत्यांना कुशीवर वळवा, पण पूर्ण ९० अंशांत आडवं करून नाही, तसं केलं तर कमरेच्या बाजूचं हाड टोचतं. पाठीमागे गोधडीची गुंडाळी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवायचं. बरोबर झालं की नाही हे बघायची आमची रीत म्हणजे माकडहाडाखाली तळहात सरकवून बघायचा. हाड हाताला टेकलं नाही, म्हणजे जमलं. वरचा पाय गुडघ्यात दुमडून उशीवर, लुळा हात उशीवर, आणि दोन्ही पोटऱ्यांखाली लांबट उशी घालून टाचा अधांतरी. टाचेकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि तिथली जखम भरायला महिनोन्‌महिने लागतात. डागावरची साल निघाली, पाणी सुटलं, काळं पडलं, वास आला किंवा ताप आला तर घरचे उपाय थांबवून डॉक्टर.

दुकानदार तुम्हाला हवेची गादी घ्यायला सांगेल. भाड्याने मिळाली तर घ्या. सांगली-मिरजेत दवाखान्यांच्या आसपास कॉट आणि गाद्या भाड्याने देणारे आहेत. पण तिच्यावर रबरी शीट, त्यावर गोधडी, त्यावर चादर असे थर घातले तर पैसे पाण्यात. एकच पातळ चादर आणि तुमची नऊवारी, बस. आत्या झोपलेल्या असताना गादीखाली माकडहाडाच्या जागी तळहात घालून बघा. हात आणि हाड यांच्यामध्ये इंचभर तरी हवा लागली पाहिजे. आणि हवेची गादी आली म्हणून वळवणं थांबत नाही.

रात्रीच्या गजरांवर येते. हे दोन तास आले कुठून? १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी वॉर्ड सुरू केला. तोवर असे सैनिक बेडसोअर आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने मरायचे, आणि त्यात काही करता येत नाही अशीच समजूत होती. गुटमननी त्यांना दिवसरात्र दर दोन तासांनी वळवायला लावलं आणि माणसं जगू लागली. (याच वॉर्डाच्या आवारात १९४८ मध्ये त्यांनी भरवलेल्या व्हीलचेअरवाल्यांच्या स्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक्स निघाल्या.) तेव्हा नियम चांगल्या घरातला आहे. पण गाद्या बदलल्या. ब्रिटनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना जास्त धोका असलेल्या माणसाला निदान दर चार तासांनी वळवा असं म्हणतात, आणि सगळा भर कातडी बघून ठरवण्यावर देतात.

तुमच्यासाठी मी असं सुचवते. दिवसा दोन तासच ठेवा, पण गजर नको, घरच्या कामांना बांधून टाका. सकाळचा चहा, अंघोळ, जेवण, दुपारची औषधं, चहा, दिवेलागण. डाग आहे तोवर आणि साध्या गादीवर रात्रीही फार ताणू नका, तीन तासांच्या आतच ठेवा. डाग पूर्ण गेला, चांगली गादी आली, की रात्री दहा, दोन आणि सहा. सकाळी सहाला दिवा लावून माकडहाड, कमरेची दोन्ही हाडं, टाचा, कोपरं आणि कान बघायचे. कुठे लाली उरलेली दिसली तर दुसऱ्या रात्री तासभर कमी करायचा. शनिवारी मिस्टर आले की ती रात्र त्यांची. तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून.

कमोडवर घेणं हे सगळ्यात जोखमीचं काम, आणि तुमची गाठ नेमकी तिथेच पडली. त्या आधार शोधत होत्या, म्हणून गळा धरला. पण गळ्यातला हात म्हणजे त्यांचा भार तुमच्या मानेवर, आणि त्यांचा तोल गेला की दोघींचा गेला. खुर्ची त्यांच्या चांगल्या म्हणजे डाव्या बाजूला, कॉटला तिरकी आणि अगदी चिकटवून ठेवा. चाकांची असेल तर ब्रेक लावा आणि हाताने हलवून बघा. भाड्याच्या खुर्च्यांचे ब्रेक नावालाच असतात. पायात मोजे नकोत, पकड असलेली चप्पल हवी. कडेला बसवल्यावर दोन मिनिटं थांबा. पडून राहिलेल्या माणसाला एकदम बसवलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यांची पावलं मागे घ्या, गुडघ्यांच्या रेषेच्या थोडी मागे. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो पट्टा धरा, हात नाही, काख नाही. उजवा गुडघा त्यांचा दगा देणार हे गृहीत धरून तुमचा गुडघा त्याच्यापुढे टेकवून ठेवा. मग सांगा, ‘आत्या, नाक पुढे.’ नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर आलं की पार्श्वभाग आपोआप उचलला जातो. खुर्चीतून उठताना तुम्ही स्वतःही हेच करता, लक्षात येत नाही इतकंच. उभ्या राहिल्या की छोटी छोटी पावलं टाकत वळायचं, कंबरेतून पीळ द्यायचा नाही. खुर्ची गुडघ्यांच्या मागे लागली, डाव्या हाताला खुर्चीचा हात सापडला, की मगच सावकाश बसवायचं.

डाव्या पायावर त्या भार घेऊ शकत नसतील तर हे एकटीने करूच नका. बेडपॅन (झोपूनच वापरायचं शौचाचं भांडं) वापरा. पॅनही उचलून नाही, कुशीवर वळवून खाली सरकवायचा.

आणि पुन्हा तोल गेलाच तर धरून ठेवायचा प्रयत्न करू नका. तुमचा एक पाय पुढे घेऊन त्यांना मांडीवरून खाली घसरू द्या, तुम्ही गुडघ्यावर बसा आणि डोकं सांभाळा. पडलेल्या माणसाला लगेच उठवायचं नसतं. आधी विचारा कुठे दुखतंय, पायांकडे बघा. एक पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेर फिरला असेल, तर खुब्याचं हाड मोडलं असू शकतं. हलवायचं नाही, १०८ ला फोन. झटक्यानंतर आत्यांना रक्त पातळ करायची गोळी बहुधा चालू असेल, म्हणून डोक्याला मार लागला तर टेंगूळ लहान दिसलं तरी दवाखान्यात न्यायचं.

राहिले दीर. लोकांच्या घरातलं बोलायला मला आवडत नाही, पण मी ज्या वॉर्डात काम केलं तिथे निम्म्या पेशंटना वळवणारे हात वॉर्डबॉयचे, म्हणजे आमच्या ‘मामांचे’ होते. बायकांचं काम म्हणून ते कुणी सोडलं नाही. आत्यांना मुलासमोर उघडं व्हायची लाज वाटत असेल, ती समजू शकते. पण वर सरकवताना अंगावरचं काही सुटत नाही. दीरांना ‘मदत करा’ असं मोघम म्हणू नका, त्यातून काही निघत नाही. ‘भाऊजी, सकाळी सातला आणि रात्री नऊला पाच मिनिटं या, आत्यांना वर सरकवायचंय’ असं वेळ सांगून म्हणा. मिस्टरांकरवी म्हणा हवं तर. आले की त्यांना कॉटच्या पलीकडे उभं करा, नऊवारीची कड अंगालगत गुंडाळून मुठीत द्या, एक पाय पुढे एक मागे घ्यायला सांगा. पाठीने ओढायचं नाही, मागच्या पायावरून पुढच्या पायावर झुकायचं. आणि आधी ठरवून घ्या, तीनला की तीननंतर.

रिंग दुकानात परत करायला जाल तेव्हा कमरेच्या पट्ट्याचं विचारा. दोन बाजूंनी धरायला कड्या असलेला बघा. ओढणीने भागवू नका, तिची गाठ ऐन वेळी सुटते.